रिमोट मामाच्या हातात देऊ नका

भाची सुट्टीला आली की तिचा एकच कार्यक्रम असतो, रात्री जेवणं झाली की हॉलमधली लाईट बंद करायची, सतरंजी टाकायची, शेंगाची चटणी आणि तेल लावलेले चुरमुरे परातभर घ्यायचे आणि एखादा भुताचा नाहीतर खुनाचा पिक्चर लावायचा. पुण्याला इंजिनिअरिंगला असते, होस्टेलवर म्हणे पोरी गोधडीत घुसून लॅपटॉपवर बघतात, पण मोठ्या टीव्हीची मजा वेगळी म्हणून सगळं साठवून ठेवते आणि मामाच्या घरी येऊन बघते. त्या रात्री मुंज्या लावलेला. मी सोफ्यावर, ती खाली, ताई आत भांडी आवरत होती. पिक्चर निम्म्यावर आला असेल, ही एकदम उठून बसली आणि म्हणली, "मामा, तू काय करायलास तुला कळतंय का? भूत यायच्या आधी आवाज कमी करायलास आणि भूत गेलं की वाढवायलास. मघापासून बघायलेय मी." मी म्हणलं छे, काहीतरीच काय. तिनं हातातून रिमोट काढून घेतला आणि स्वतःच्या उशीखाली ठेवला. आतून ताई हसलेली ऐकू आली मला.

उरलेला पिक्चर मी फुल्ल आवाजात सोसला.

आता मी घाबरतो हे काही नवीन नाही, आमच्या खानदानात सगळ्यांना माहितीये. पण डोक्यात बसलं ते वेगळंच. मी डोळे एकदाही मिटले नव्हते. मुंज्या पडद्यावर येऊन दात विचकत होता तेव्हा मी आरामात त्याच्याकडं बघत होतो, तोंडात चुरमुरे होते, आणि हात मात्र आपला आपण आवाजाच्या बटणावर चालला होता. म्हणजे माझ्या डोळ्याला त्याची भीती वाटतच नव्हती, जे काय होत होतं ते कानाला होत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी नसताना मी तोच सीन परत लावून बघितला, आवाज पूर्ण बंद करून. खरं सांगतो, हसू आलं. नुसतं एक काँप्युटरवर केलेलं पोरगं इकडून तिकडं उड्या मारतंय. आवाज चालू केला की पोटात परत गोळा. तसं आदित्य सरपोतदारनं पिक्चर झकास केलाय, कोकणातलं ते समुद्राकाठचं झाड, मुंजीतच अडकून पडलेलं हट्टी पोरगं, हे सगळं आपल्या आज्यांच्या तोंडून ऐकलेलं पहिल्यांदा एवढ्या मोठ्या पडद्यावर आलं, पण भूत एवढं दाखवायचं नव्हतं असं माझं मत. निम्म्यानंतर ते घरातलंच वाटायला लागतं, चहा विचारावा वाटतो.

डोळ्याला पापणी दिलीये देवानं, कानाला काय दिलंय?

भाचीनं मला दुसरी एक सवय पण दाखवून दिली, मी खाली अक्षरं चालू ठेवून बघतो. पिक्चर हिंदी असला तरी. त्या अक्षरांमध्ये नुसते डायलॉग नसतात, आवाज पण लिहून येतात, दार करकरतं, लांबून कुणीतरी हसतं, ऑमिनस म्युझिक, म्हणजे आता काहीतरी वाईट होणार असलं म्युझिक. आता हे ऑमिनस म्युझिक वाचलं की मला आधीच कळतं, आलं बघ, आणि बोट बटणावर. ती म्हणली मामा तू पिक्चर बघत नाहीस, वाचतोस. बरोबर आहे तिचं, पण ज्यानं सोलापूरच्या साखर पेठेत लहानपण काढलंय त्याला आवाजाशी असं जपूनच वागायची सवय लागते हे तिला कसं सांगायचं. तिचा जन्म जुळे सोलापुरातला. तिथं रात्री कुत्री सोडली तर काही नसतं.

आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून चादरीचा कारखाना होता. चोवीस तास माग चालायचे. धोटा, म्हणजे सूत नेणारा लाकडी तुकडा, इकडून तिकडं आपटायचा, वरती नक्षी काढणाऱ्या जेकार्डची पट्टी खडखडत फिरायची आणि ते सगळं मिळून भिंतीतून, फरशीतून, खाटेच्या पायातून आमच्या अंगात यायचं. तांब्यातलं पाणी थरथरायचं, मी ते बघत बसायचो. पाहुणे आले की रात्रभर तळमळायचे, सकाळी लाल डोळ्यांनी विचारायचे तुम्ही झोपता कसे हो, आणि आम्हाला कळायचंच नाही की ते कशाबद्दल बोलायलेत. आम्हाला झोपच त्या आवाजात यायची. जाग यायची ती आवाज थांबला की. लाईट जायची रात्री दोन-तीनला कधीतरी, आणि माग एकदम नाही थांबायचे, लाईट गेल्यावर पण चाकं जरा वेळ फिरायची, खट खट, मग एक खट, मग मोठा गॅप, मग शेवटची एक, आणि मग काहीच नाही. त्या सेकंदाला अख्खी गल्ली जागी व्हायची. लहान पोरं रडायला लागायची. मी डोळे उघडे ठेवून तसाच पडायचो. अशा शांततेत पहिल्यांदा कळायचं की आपल्या घरात भिंतीवरचं घड्याळ वाजतं, की वडील झोपेत दात खातात, की मोरीतला नळ मधेच एक थेंब टाकतो. रोजच्याच वस्तू, पण त्या अंधारात त्यांचे आवाज ओळखीचे वाटायचे नाहीत. वडील अंधारातच म्हणायचे, "लाईट गेली, झोपा." झोपतंय कोण.

म्हणून कुणी मला विचारलं ना की सगळ्यात भीतीदायक आवाज कुठला, तर मी ती शेवटची खट सांगतो.

समोरच्या घरात अक्का राहायच्या. तेलुगू, विणकरांच्या पद्मशाली समाजातल्या, नवरा मागावर, स्वतः विड्या वळायच्या. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची पानं कापायला दारात बसायच्या, आणि आम्ही गल्लीतली सगळी पोरं भोवती, कारण अक्का देय्यमच्या गोष्टी सांगायच्या. देय्यम म्हणजे भूत, हे आमच्या गल्लीत मराठी पोरांना पण माहिती. मांडीवर सूप, बाजूला भिजवलेल्या पानांची ओली गड्डी, पानावर पत्र्याचा छोटा चौकोन ठेवायचा आणि त्याच्या कडेकडेनं कातर फिरवायची, चार बाजूंना चारदा, कच कच कच कच, कापलेलं पान सुपात, पुढचं पान. बघायच्या पण नाहीत हाताकडं. गोष्ट अर्धी मराठी अर्धी तेलुगू, आवाज एकदम सपाट, भाजी काय आणली सांगावं त्या सुरात, एक बाई असती, ती तळ्यावर पाणी आणायला जाती, कच कच, तिच्या मागनं दुसरी एक बाई येती, कच कच, हिला वाटतं शेजारीण हाय. ही म्हणती चल की गं लवकर. आणि मग कातर थांबायची. अक्का काही बोलायच्या नाहीत. हातात पान, कातर उघडी, मान खाली. आम्ही श्वास धरून. किती वेळ जायचा देव जाणे, कुणीतरी एक पोरगं "मग?" म्हणायचं आणि त्याचाच आवाज ऐकून आम्ही सगळे दचकायचो. अक्कांनी कधी हात वर करून भॉक केलं नाही, डोळे मोठे केले नाहीत. नुसती कातर थांबवायच्या.

पुढं किती पिक्चर बघितले, पण एवढं साधं काम फार थोड्यांना जमलेलं बघितलंय. बाकीचे सरळ ढोल बडवतात. मांजर उडी मारली, ढोल. बायकोनं खांद्यावर हात ठेवला, ढोल. अरे मांजरच आहे ना ते, मग कशाला. याला मी दचकवणं म्हणतो, घाबरवणं नाही. दचकायला काय, कुकरची शिट्टी झाली तरी माणूस दचकतो. तसे मोठे आवाज काम का करतात याचं पण लोकांनी संशोधन केलंय, अमेरिकेत डॅनियल ब्लमस्टाईन म्हणून एक प्राण्यांचा अभ्यास करणारा माणूस आहे, तो मार्मट नावाच्या, खारीच्या जातीतल्या प्राण्याची पिल्लं पकडायचा अभ्यासासाठी, आणि ती जे फाटक्या आवाजात किंचाळायची ते ऐकून त्याच्या डोक्यात आलं की हे आपल्याला एवढं का टोचतंय. मग त्यानं आणि त्याच्या लोकांनी शंभरावर पिक्चरांचे आवाज तपासले, 2010 मध्ये छापून आलं ते, तर भुताच्या पिक्चरात असलेच फाटके, ओरखडे काढल्यागत आवाज जास्त. जीव धोक्यात असलेलं पिल्लू ओरडतं तो आवाज ऐकू आला की कुठलाही प्राणी उठून बसणारच. सायको मधला तो बाथरूमचा सीन आठवा, 1960 चा पिक्चर, ब्लॅक अँड व्हाईट, चाकू लागताना धड दिसत पण नाही, जे काय आहे ते त्या व्हायोलिनच्या किंचाळण्यात. आणि गंमत म्हणजे डायरेक्टर हिचकॉकला त्या सीनला म्युझिकच नको होतं, म्युझिक देणाऱ्या बर्नार्ड हरमननं आपल्या मनानं करून ऐकवलं तेव्हा तो तयार झाला. मी दोन्ही बाजूंनी आहे. म्युझिक नसतं तर सीन एवढा गाजला नसता हे खरं, पण नुसतं पाणी पडायचा आवाज आणि बाकी काही नाही, हे मला एकट्याला रात्री बघायला लावू नका.

अ क्वाएट प्लेस नावाचा इंग्रजी पिक्चर आला होता 2018 ला. आवाज केला की प्राणी येऊन फाडतात, म्हणून सगळं घर अनवाणी, खुणांनी बोलतं. माझा मित्र बघून आला आणि म्हणला, "बे, आपल्या गल्लीत असला पिक्चर चालूच होणार नाही, पहिल्या पाच मिनिटांत अख्खं सोलापूर खलास." खरंय, आमच्याकडं माणूस फोनवर बोलतो ते पण पलीकडच्या गावाला थेट ऐकू जाईल असं. पण त्यात ती मुलगी आहे, मिलिसेंट सिमंड्स, ती खऱ्या आयुष्यात पण बहिरी आहे, आणि तिच्याकडं कॅमेरा गेला की काही ठिकाणी पिक्चरचा आवाज पूर्ण जातो. कमी होत नाही, जातोच. तिच्या मागं काहीतरी उभंय आणि तिला माहिती नाही, आणि आपल्याला पण काही ऐकू येत नाही. तिथं मी रिमोटवर बोट ठेवून करणार काय? कमी करायला आवाजच शिल्लक नव्हता.

टॉकीजमध्ये तर रिमोटच नाही. 2003 ला रामगोपाल वर्माचा भूत लागला तेव्हा मी मित्रांबरोबर गेलेलो, त्यात एक पण गाणं नव्हतं, आणि गाणं नाही म्हणजे बाहेर जाऊन बिडी मारायला, भजी खायला चान्स नाही, हे आमच्या पब्लिकला झेपेना. निम्मे लोक नुसते वैतागले. पण सोलापूरच्या पब्लिकचा एक फार मोठा आधार असतो भित्र्या माणसाला. ऊर्मिला जिना चढायली, सगळं शांत, आता काहीतरी होणार, आणि पुढच्या रांगेतून कोणतरी ओरडतं, "मागं बघ बे!" पाचशे माणसं हसतात, भूत येऊन जातं, कुणाला पत्ता नाही. तेव्हा मला ते आवडायचं. आता विचार केला की वाटतं आम्ही सगळ्यांनी मिळून आवाज कमी केला की वाढवला, काय केलं नेमकं? शांतता कुणालाच नको होती एवढं नक्की.

याच्या उलट तुंबाडला झालं. 2018 ला आला तेव्हा मी तो मोबाईलवर बघितलेला, बेडवर पडून, तुकड्यातुकड्यात, मधे व्हॉट्सअपला उत्तरं देत. चांगलाय म्हणलं आणि विसरलो. सप्टेंबर 2024 मध्ये परत टॉकीजला लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला, त्या गर्दीत भाचीनं मला पण ओढून नेलं. सगळी विशीतली पोरं, बहुतेकांनी आधी बघितलेला, म्हणलं आता धिंगाणा घालणार हे. कुणी शब्द बोललं नाही. पाऊस चालू झाला आणि कुणी बोललंच नाही. आता आम्ही दुष्काळी मुलुखातली माणसं, आमच्याकडं पाऊस आला की लोक गच्चीवर जाऊन उभे राहतात, आणि या पिक्चरात पाऊस हाच शाप, थांबतच नाही, प्रत्येक गोष्ट ओली, भिंती, धोतर, बोलणं पण ओलं. मोबाईलवर तो पाऊस मला ऐकूच आला नव्हता. टॉकीजला कळलं की म्युझिक किती जपून वापरलंय, ते करणारा येस्पर किड डेन्मार्कचा, असॅसिन्स क्रीड वगैरे गेमना म्युझिक देणारा माणूस, आणि त्यानं वाड्याच्या त्या पोटात उतरतानाच्या जागा जवळजवळ मोकळ्या सोडल्यात. मळलेल्या कणकेच्या बाहुल्या, दोरी, श्वास. आजी घोरते तो आवाज माझ्या पाठीच्या कण्यातून गेला. त्या आजीचं काम मोहम्मद समद नावाच्या पोरानं केलंय, पुढं हिरोचा, विनायकाचा, मुलगा पांडुरंग म्हणून पण तोच आहे, हे मला भाचीनं इंटरव्हलला सांगितलं तर मला खरंच वाटेना. राही अनिल बर्वेनं पहिल्याच पिक्चरात हे कसं जमवलं कुणास ठाऊक. हस्तर, म्हणजे त्यातला राक्षस, स्वतः दिसतो तेव्हा मात्र मी जरा सैलावलो, दिसला ना, झालं तर.

शैतानचं मला निम्मंच आवडलं. एक अनोळखी माणूस फोन चार्ज करायच्या निमित्तानं घरात येतो, सोफ्यावर बसतो आणि पोरगीला हळू आवाजात काम सांगायला लागतो, नाच, हस, आणि ती करते. तो माणूस झालेला माधवन एकदा पण ओरडत नाही तिथपर्यंत माझी बोटं बटणावर गोठलेली होती, कारण आपल्याकडं दारात आलेल्या माणसाला जा म्हणायला जीभ उचलत नाही, ते त्यानं बरोबर पकडलंय. मग पुढं सगळे ओरडायला लागतात, वाद्यं पण ओरडायला लागतात, आणि मी बिनधास्त चुरमुरे खायला लागलो. मूळ गुजराती वश आधीच आलेला, 2023 ला, त्या पोरीचं काम दोन्हीत जानकी बोडीवालानंच केलंय, आणि गुजरातीसाठी तिला नॅशनल अवॉर्ड मिळालं ते योग्यच झालं. हिंदीवाल्यांनी पोरगी तीच घेतली आणि धीर मात्र गुजरातमध्येच ठेवून आले.

दृश्यमला मी आवाज कमी करत नाही, भाचीनं लक्ष ठेवून तपासलंय. चौथी नापास केबलवाला नुसते पिक्चर बघून पोलिसांना गुंडाळतो, आम्हा फुकट बघ्यांचा तो देवच. तिथली भीती आवाजाची नाही, पुढचा प्रश्न काय येईल याची.

लपाछपी मात्र मी दुसऱ्यांदा बघणार नाही. तो करणाऱ्या विशाल फुरियानंच हिंदीत त्याचा छोरी केला, तो पण नाही. चांगला नाही म्हणून नव्हे. त्यात ऊस आहे. शहरातल्या माणसाला पडद्यावर ऊस म्हणजे हिरवं काहीतरी, पण आमच्या जिल्ह्यात ज्यानं रात्री मोहोळकडून गाडीवर येताना दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस बघितलाय त्याला विचारा. वारा नसला तरी पानं पानाला घासतात. कागद फाडल्यागत नाही, कुणीतरी कुजबुजतंय असं पण नाही, ऊसच असतो तो, पण गाडी बंद पडली तर काय हा विचार तो आवाज ऐकल्याशिवाय येत नाही. आणि त्या पिक्चरात उसात जे लपलंय ते मुली नकोत म्हणून माणसांनी काय केलं त्यातून आलेलंय. उषा नाईकांची ती तुळसाबाई पूजा सावंतशी गोड बोलत असते ना, तेव्हा मागं उसाचा आवाज येत राहतो. ताईनं तो पिक्चर मधेच उठून बंद केला. भाची काही बोलली नाही त्या दिवशी.

सुट्टी संपायच्या आधी भाची म्हणली मला अक्कांकडं घेऊन चल. गेलो. गल्ली ओळखू येईना झालीय. भिंतीला भिंत होती तो कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्या जागेत आता गाड्या लावतात. आसपासचे पण बरेच माग भंगारात गेले. भरदुपारी मी तिथं उभा राहिलो आणि एकदम शांत. मला आधी चांगलं वाटलं, मोटरसायकलचा आवाज सुद्धा स्वच्छ ऐकू येत होता, आणि मग तळपायाला काहीतरी कमी वाटायला लागलं, फरशी हलत नव्हती. आईनं त्या आवाजाला उभं आयुष्य शिव्या घातल्या आणि जुळे सोलापुरात आल्यावर महिनाभर तिला झोप लागली नव्हती. चादरीवाल्यांचं पोट गेलं त्याचं काय, हा विचार मला नंतर आला, आधी आपली फरशीच आठवली, हे पण लिहून टाकतो.

अक्का आता थकल्यात, विड्या सुटल्या, नातवाच्या मोबाईलवर तेलुगू पिक्चर बघतात. अरुंधती त्यांना पाठ आहे. भाचीनं त्यांना मांडी घालून शेजारी बसून मुंज्या दाखवला, मधनं मधनं समजावून सांगत. अक्कांनी पाऊण तास मान न हलवता बघितला. मग मोबाईल खाली ठेवला, चष्मा काढला, पदरानं पुसला.

"ते भूत लै बोलतंय रे," मला म्हणल्या. "एवढं कुठं देय्यम बोलतंय का? एवढं तोंड चालतंय तर त्याला विड्या वळायला बसीव म्हणावं, दिवसाला हजार वळंल."

भाची हसून लोळायची बाकी राहिली, वर भांडायला लागली, अक्का तुम्ही शेवट तरी बघा, शेवट भारी आहे. अक्का म्हणल्या शेवट काय बघायचा, लग्न करायचंय त्याला, तोंडावरनंच कळतंय. जाताना पोरीनं अक्कांचा नंबर घेतला. आता दोघींचं परस्पर काय चालतं मला माहिती नाही, पण परवा अक्कांचा मला फोन, विरूपाक्ष बघितलास का म्हणून. मी म्हणलं नाही अजून. तर म्हणल्या, "मग तू कसला पिक्चर बघतोस रे, पोरगी उगंच तुझं नाव सांगती."